लोणावळ्याच्या ‘ड्यूक्स नोज’मधला ड्यूक कोण? चाकं आणि चिखल ओळखणाऱ्या एका सेनापतीची गोष्ट

पावसाळ्यात लोणावळ्याहून तुंगार्लीमार्गे राजमाचीकडे निघालेली एखादी फोर बाय फोर जीप बघा. पंधरा-सोळा किलोमीटरची कच्ची वाट. कुठे लाल चिखल, कुठे गुडघाभर पाण्याचा ओढा, कुठे नुसते धोंडे. एका बाजूला उल्हास नदीची खोल दरी आणि समोरच्या कड्यांवरून कोसळणारे धबधबे. दृश्य कितीही देखणं असलं तरी गाडी चालवणाऱ्याचं लक्ष पुढच्या दहा फुटांवर असतं. चाक कुठे ठेवायचं, गिअर कुठला टाकायचा, चिखल किती खोल आहे, बस्स! बाकीचं निसर्गसौंदर्य मागच्या सीटवरच्यांसाठी.

याच लोणावळ्याच्या दुसऱ्या अंगाला, कुरवंडे गावापलीकडे, एक सुळका दरीत झुकलेला दिसतो. एक्सप्रेसवेवरून जाताना तुम्ही तो नक्की पाहिला असेल. गावकरी त्याला नागफणी म्हणतात, कारण तो फणा काढलेल्या नागासारखा दिसतो. इंग्रजांना मात्र त्यात एका माणसाचं नाक दिसलं आणि नाव पडलं ‘ड्यूक्स नोज’. आज इन्स्टाग्रामवर हेच नाव चालतं.

पण हा ड्यूक कोण, हे विचारलं तर बहुतेकांची गाडी तिथेच रुतते.

हा ड्यूक म्हणजे आर्थर वेलस्ली, पहिला ड्यूक ऑफ वेलिंग्टन. वॉटर्लूला नेपोलियनला हरवणारा, पुढे ब्रिटनचा पंतप्रधान झालेला. त्याचं नाक इतकं ठसठशीत होतं की त्याचे स्वतःचे सैनिकही त्याला त्यावरून चिडवत. मात्र मावळाशी त्याचं नातं नाकापुरतं नाही. बैल, तोफांचे गाडे आणि बिनरस्त्याचा मुलूख यांचं गणित ज्यांनी नीट सोडवलं, त्यांत त्याचा नंबर फार वरचा लागतो. आणि त्या गणिताचा एक मोठा भाग त्याने आपल्याकडे, दख्खनमध्ये सोडवला. त्याची किंमत मराठी राज्याने मोजली.

व्हायोलिन जाळणारा मुलगा

आर्थरचा जन्म १७६९ चा, आयर्लंडमधला. घराणं सरदारी, पण पैशाची ओढाताण. वडील संगीतकार, डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात संगीताचे प्राध्यापक. ते १७८१ मध्ये वारले. ईटनच्या प्रसिद्ध शाळेत आर्थर काही चमकला नाही आणि पैशाअभावी त्याला तिथून काढावं लागलं. घरच्यांच्या लेखी हे पोरगं वाया गेलेलंच होतं. मग त्याला फ्रान्समध्ये आंजे इथल्या अश्वविद्येच्या शाळेत घातलं. नंतर ज्याने फ्रेंचांची झोप उडवली तो घोड्यावर बसायला शिकला तो फ्रान्समध्ये, हाही एक योगच.

१७८७ मध्ये तो सैन्यात शिरला. तेव्हा इंग्लंडमध्ये सैन्यातली पदं विकत मिळत. थोरल्या भावाच्या पैशातून आणि वशिल्यातून तो भराभर वर चढला आणि १७९३ मध्ये ३३ व्या पलटणीचा लेफ्टनंट कर्नल झाला. त्याच वर्षी किटी पॅकनहॅम नावाच्या मुलीच्या घरच्यांनी त्याचं स्थळ नाकारलं. कर्जबाजारी जावई कोणाला हवा? त्याने आपली व्हायोलिनं जाळून टाकली आणि शिपाईगिरीत डोकं घातलं. पुढे भारतातून परतल्यावर, १८०६ मध्ये, त्याचं लग्न किटीशीच झालं. पण तो संसार सुखाचा म्हणावा असा नव्हता.

१७९७ मध्ये तो कलकत्त्याला उतरला. पुढच्याच वर्षी थोरला भाऊ रिचर्ड गव्हर्नर जनरल होऊन आला, तेव्हा नशीब फळफळलं असं म्हणायला हरकत नाही. १७९९ च्या श्रीरंगपट्टणच्या मोहिमेत आर्थरने एका रात्रीच्या हल्ल्यात सपाटून मार खाल्ला, तरी टिपू पडल्यावर श्रीरंगपट्टणचा कारभार त्याच्याच हाती आला. भाऊ असावा तर असा!

पण म्हैसूरमध्ये त्याने एक गोष्ट मन लावून केली. बैल बघितले. टिपू आणि हैदरअलीच्या तोफा ओढणारी अमृतमहाल जातीची काटक, वेगवान जनावरं आता कंपनीच्या ताब्यात होती. कोणता बैल किती ओझं उचलतो, दिवसाला किती चालतो, वैरण किती लागते, गाडा कुठे मोडतो आणि पाठीवर कंठाळ लादलेला बैल कुठे पार होतो, याचा त्याने सतत विचार केला. १८०० मध्ये धोंडिया वाघाचा पाठलाग करताना हे सगळं कामी आलं. धोंडिया मारला गेला. त्याच्या मागे राहिलेल्या लहान मुलाच्या पालनपोषणाची सोय वेलस्लीने केली, हीसुद्धा नोंद घेण्यासारखी गोष्ट.

बोरघाट नावाची भिंत

आता थोडं मागे जाऊ, कारण बोरघाट काय चीज होती हे कळल्याशिवाय पुढची गोष्ट कळणार नाही.

घाटमाथ्यावरच्या राज्यासाठी सह्याद्री ही फुकटची तटबंदी होती. नागफणीवर उभं राहून खाली पाहिलं की कुरवंडे घाटाची उतरण आणि उंबरखिंडीकडचं रान दिसतं. २ फेब्रुवारी १६६१ ला शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची फौज तिथेच कोंडली होती. दोन्हीकडे डोंगर, मध्ये निमुळती वाट, ना पुढे जाता येतं ना मागे. खान शरण आला, सगळं सामान टाकून गेला.

इंग्रजांना हाच धडा ११८ वर्षांनी मिळाला. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली त्यांची फौज १७७८ च्या डिसेंबरात बोरघाट चढली. सोबत ओझ्याचे आणि ओढीचे मिळून सुमारे १९ हजार बैल! माणसं त्याच्या पाव पट. तोफा वर चढवायच्या तर आधी वाट करायची, मग ओढायचं. घाटमाथ्यावर आल्यानंतरही ही फौज दिवसाला जेमतेम दोन-तीन किलोमीटर सरकत होती. कार्ल्याजवळ त्यांचा शूर कॅप्टन स्टुअर्ट पडला. मराठे त्याला कौतुकाने इष्टुर फाकडा म्हणत आणि वडगाव मावळात त्याचं थडगं आजही आहे. ९ जानेवारी १७७९ ला फौज तळेगावला पोचली, तर गाव जळून खाक. दाणा नाही, वैरण नाही. महादजी शिंद्यांच्या आणि हरिपंत फडक्यांच्या स्वारांनी चारी बाजूंनी घेरलेलं. इंग्रजांनी जड तोफा तळेगावच्या तळ्यात ढकलल्या आणि रात्रीतून माघार घेतली. वडगावला अडकले आणि तिथे नाक घासून तह केला.

थोडक्यात, मराठ्यांनी शत्रूच्या चाकांना हरवलं होतं. वेलस्ली तेव्हा नऊ-दहा वर्षांचा पोरगा होता.

१८०३: पुण्याकडे

२५ ऑक्टोबर १८०२, दिवाळीचा दिवस. हडपसरजवळ यशवंतराव होळकरांनी पेशवे आणि शिंद्यांच्या फौजेला धूळ चारली. दुसरा बाजीराव पळाला तो कोकणात उतरून थेट इंग्रजांच्या आसऱ्याला गेला. ३१ डिसेंबरला वसईचा तह झाला. इंग्रजी फौज पदरी ठेवायची, तिचा खर्च द्यायचा आणि इंग्रजांना विचारल्याशिवाय कोणाशी बोलायचं नाही. पेशवाई त्या दिवशी कागदावर संपली म्हटलं तरी चालेल.

बाजीरावाला पुन्हा गादीवर बसवायचं काम वेलस्लीकडे आलं. तो मार्च १८०३ मध्ये म्हैसूरच्या सीमेवरून, हरिहरकडून निघाला. घाटाची वाट त्याने टाळली आणि पठारावरूनच आला. भर उन्हाळा, पण फौजेची शिस्त कडक. वाटेतल्या गावात लूट नाही, जे घ्यायचं ते रोख पैसे देऊन. परिणाम असा की लोक पळून जायच्याऐवजी दाणागोटा विकायला येऊ लागले. वंजाऱ्यांचे तांडे धान्य लादून मागोमाग चालत होते. दक्षिणेतले काही मराठे सरदारही सोबत आले. त्यांत बापू गोखले होते! पुढे १८१८ मध्ये अष्टीच्या लढाईत इंग्रजांशी लढता लढता पडलेले तेच बापू गोखले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो.

पुणं जाळलं जाणार अशी बातमी कानावर आल्यावर वेलस्लीने घोडदळ पुढे काढलं आणि शेवटचे सुमारे शंभर किलोमीटर दीड दिवसात कापून २० एप्रिलला पुणं गाठलं. १३ मे रोजी बाजीराव शहरात परतला.

इथून पुढे मावळ पुन्हा चित्रात येतं. वेलस्लीला माणसं म्हैसूरकडून मिळाली, पण दारूगोळा, सामान, पैसा मुंबईहून हवा होता. मुंबईचा माल म्हणजे होडीने पनवेल, तिथून खोपोली, मग बोरघाट, मग पुणं. नद्या ओलांडायला त्याने मुंबई सरकारकडे तराफ्यांचा पूल मागितला होता. तो निघाला नेमका पावसात. पनवेल सोडून तो लादलेले गाडे फार लांब गेलेच नाहीत. चिखलात रुतले, मोडले. घाट चढायचा प्रश्नच आला नाही.

राजमाचीच्या वाटेवर जून-जुलैत ज्याने गाडी घातली आहे त्याला या प्रसंगाबद्दल फार समजवावं लागणार नाही.

वेलस्ली पत्रांमधून चडफडला, पण अडून बसला नाही. वेताच्या मोठ्या गोल टोपल्यांना कातडं मढवलं की होडी तयार होते, हे त्याने म्हैसूरकडे पाहिलं होतं. तशा होड्या जागेवरच करून घेतल्या. त्याहून मोठी गंमत म्हणजे त्याने लढाईला मुद्दाम पावसाळाच निवडला. हिशोब सोपा होता. नद्यांना पूर असला की मराठ्यांचं घोडदळ हवं तिकडे धावू शकत नाही आणि आपल्याकडे नदी ओलांडायचं साधन आहे. जो चिखल १७७९ मध्ये इंग्रजांचा वैरी होता, तो त्याने आपल्या बाजूने वळवला. बैल मात्र वैरणीअभावी शेकड्यांनी मेले.

असई आणि मेलेले बैल

ऑगस्ट १८०३ मध्ये शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांशी युद्ध सुरू झालं. पाचेक दिवसांत अहमदनगरचा किल्ला पडला. मग २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यात भोकरदनजवळ, असई.

समोर पन्नास हजारांच्या आसपास फौज, शंभरेक तोफा, युरोपीय पद्धतीने तयार केलेल्या पलटणी. वेलस्लीकडे सात हजारांच्या आसपास माणसं. मध्ये केळणा नदी. वाटाड्ये म्हणाले, पुढे उतार नाही. वेलस्लीने दुर्बिणीतून पाहिलं तर नदीच्या दोन्ही काठांना समोरासमोर दोन गावं दिसली. त्याने ताडलं, की समोरासमोर गावं वसली आहेत म्हणजे माणसं, गाड्या ये-जा करत असणार. म्हणजे उतार असणारच. आणि होता! जमीन वाचणं म्हणतात ते हेच.

पण लढाई त्याला महाग पडली. शिंद्यांच्या गोलंदाजांनी असा मारा केला की इंग्रजांच्या तोफा ओढणारे बैल आणि गोलंदाज जागच्या जागी पडले. तोफा मागे ठेवून पायदळाला तसंच पुढे जावं लागलं. वेलस्लीचा एक घोडा गोळीने मेला, दुसऱ्याला भाला लागला. संध्याकाळी मैदान त्याच्या हाती आलं, पण त्याची सुमारे १,६०० माणसं मेली किंवा जायबंदी झाली. पुढे वॉटर्लू जिंकल्यावरही, आपली सर्वांत चांगली लढाई कोणती, याचं त्याचं उत्तर असई हेच राहिलं. शिंद्यांच्या तोफखान्याला यापेक्षा मोठी पावती कोणती असणार?

नोव्हेंबरात अडगाव, डिसेंबरात गाविलगड, मग देवगाव आणि सुर्जी-अंजनगावचे तह. पाच महिन्यांत खेळ संपला. या सगळ्यात सामान्य माणसाची काय अवस्था होती, तेही सांगायला हवं. आधी होळकरांच्या फौजांनी मुलूख ओरबाडलेला, त्यात १८०३ चा परतीचा पाऊस गेला. १८०४ मध्ये पुणे-नगर भागात भीषण दुष्काळ पडला, माणसं रस्त्यांवर मेली. विजयाच्या कहाण्यांत हे पान सहसा उलटून टाकलं जातं.

घाटमाथ्यावरचा रस्ता

१८०४ मध्ये वेलस्लीने मावळात दोन कामं केली, दोन्ही बिनलढाईची.

पहिलं लोहगडाचं. नाना फडणवीसांच्या मृत्यूनंतर त्यांचा माणूस धोंडोपंत नित्सुरे तो किल्ला धरून बसला होता आणि नानांची विधवा त्याच्या आश्रयाला होती. बाजीरावावर दोघांचाही काडीचा विश्वास नव्हता, आणि त्यात त्यांची चूक नव्हती. वेलस्लीने मध्ये पडून सुरक्षिततेची आणि पेन्शनीची हमी दिली. किल्ला सुटला, नानांच्या विधवा जिऊबाई पनवेलला गेल्या. पेशव्याच्या शब्दापेक्षा इंग्रज सेनापतीचा शब्द मराठी माणसाला खात्रीचा वाटावा, ही त्या काळाची खरी शोकांतिका.

दुसरं काम रस्त्याचं. बोरघाट ही दख्खनची किल्ली आहे हे त्याला पुरतं कळलं होतं. घाटमाथ्यापासून पुण्यापर्यंत तोफांचे गाडे जातील असा रस्ता त्याने तयार करवला. म्हणजे खंडाळा, लोणावळा, कार्ला, वडगाव, तळेगाव. १७७९ मध्ये ज्या पट्ट्यात इंग्रजी चाकं रुतली होती, नेमका तोच पट्टा.

खालची चढण अजून अवघडच होती, पण फरक पडायचा तो पडला. ऑक्टोबर १८१७ मध्ये बाजीराव आणि इंग्रजांचं फाटलं, तेव्हा मुंबईची गोरी पलटण घाट चढून ३० तारखेला पुण्यात हजर झाली. ५ नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली आणि काही दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण चढलं. मार्च १८१८ मध्ये लोहगड आणि राजमाची हे मावळातले किल्लेही गेले.

वेलस्ली तेव्हा भारतात नव्हता. मार्च १८०५ मध्येच त्याने मद्रासहून जहाज पकडलं होतं. परतीच्या वाटेवर तो सेंट हेलेना बेटावर ‘ब्रायर्स’ नावाच्या घरात राहिला. दहा वर्षांनी त्याच बेटावर, त्याच जागी एक कैदी राहायला आला. त्याचं नाव नेपोलियन.

मधली दहा वर्षं जगाला माहीत आहेत. पोर्तुगाल आणि स्पेनच्या डोंगराळ मुलखात त्याने फ्रेंचांना दमवून हरवलं, तेही बऱ्याच अंशी बैलगाड्या, खेचरं आणि रोख पैसे देऊन घेतलेल्या धान्याच्या जोरावर. १८१४ मध्ये तो ड्यूक झाला. १८ जून १८१५ च्या वॉटर्लूच्या लढाईतही चिखल हजर होताच. आदल्या रात्री धो धो पाऊस झाला, जमीन वाळावी आणि तोफा हलवता याव्यात म्हणून नेपोलियनने लढाई उशिरा सुरू केली आणि तोवर वेलिंग्टनच्या मदतीला येणारे प्रशियन जवळ पोचले.

पावसात आपण जे गुडघ्यापर्यंतचे गमबूट घालतो, त्यांना इंग्रजीत वेलिंग्टन बूट म्हणतात. तेही याच माणसाच्या नावावरून. सुरुवातीला ते चामड्याचे होते, रबर नंतर आलं.

राजकारणात मात्र त्याचं बस्तान कधी नीट बसलं नाही. १८२८ मध्ये तो पंतप्रधान झाला. मतदानाचा हक्क वाढवायला त्याने विरोध केला आणि लोकांनी त्याच्या घराच्या काचा फोडल्या, तेव्हा खिडक्यांना लोखंडी झडपा बसवाव्या लागल्या. १५ सप्टेंबर १८३० ला लिव्हरपूल-मँचेस्टर रेल्वेच्या उद्घाटनाला तो हजर असताना त्याच्याच एका जुन्या मंत्र्याचा, हस्किसनचा, इंजिनाखाली सापडून मृत्यू झाला.

त्याच वर्षी इकडे सर जॉन माल्कम मुंबईचा गव्हर्नर होता. हा वेलस्लीचा जुना दोस्त, सुर्जी-अंजनगावच्या तहाची बोलणी करणारा. त्याने १० नोव्हेंबर १८३० ला बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला. आता बैलगाडी पनवेलहून न उतरवता थेट पुण्याला जाऊ लागली. सहाच दिवसांनी, १६ नोव्हेंबरला, लंडनमध्ये वेलिंग्टनने पंतप्रधानपदाचा राजीनामा दिला.

१४ सप्टेंबर १८५२ ला, वयाच्या ८३ व्या वर्षी तो वारला. ब्रिटिश सरकारने १८ नोव्हेंबरला त्याची अंत्ययात्रा काढली, ती न भूतो न भविष्यति अशी. खास गाडा बनवला होता, ब्राँझचा, सहा चाकांचा, तब्बल १८ टन वजनाचा, ओढायला १२ दांडगे घोडे. लंडनमध्ये दहा लाखांवर लोक बघायला आले. आदल्या पावसाने रस्ता भिजलेला होता. राजवाड्याजवळच्या मॉल या हमरस्त्यावर तो गाडा चिखलात रुतला. घोड्यांना हलेना. शेवटी पोलिसांच्या जथ्याने दोर लावून तो बाहेर ओढला, तेव्हा कुठे ड्यूकची स्वारी पुढे निघाली.